क्षमता वाढवण्याआधी प्रतिसादवेळ मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रवेशाच्या, भरतीच्या किंवा एखाद्या अनुदान योजनेच्या अर्जाची अंतिम तारीख जवळ आली की वृत्तपत्रांत एक ठरावीक बातमी येते. संकेतस्थळ संथ झाले, ओटीपी वेळेत आला नाही, सायबर कॅफेत आणि सेतू केंद्रांत रात्री उशिरापर्यंत रांगा लागल्या आणि शेवटी मुदतवाढ जाहीर झाली, असा तिचा मजकूर असतो. शेवटच्या परिच्छेदात एकाच वेळी फार अर्जदार आल्याने सर्व्हरवर ताण आला, क्षमता वाढवण्याचे काम सुरू आहे, असा खुलासा असतो आणि बातमी तेथेच संपते. मोठ्या डेटाबेसांच्या, म्हणजे संगणकीय माहितीसाठ्यांच्या देखभालीत नोकरीची बहुतेक वर्षे गेलेला माणूस म्हणून मला हा खुलासा दरवेळी अपुरा वाटतो. ताण नेमका कोठे आला, तो कोणत्या मोजणीवरून कळला आणि वाढवलेल्या क्षमतेने तो कसा हलका होणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. आणि मोजणी हाती नसताना केलेली यंत्रखरेदी म्हणजे सार्वजनिक पैशाने लावलेला अंदाज असतो. त्यामुळे या मोजणीविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

समजा, एखाद्या संकेतस्थळाकडून त्याच्या डेटाबेसकडे दर सेकंदाला २०० विनंत्या येतात आणि प्रत्येकीचे उत्तर ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात मिळते. अशा वेळी कोणत्याही क्षणी सरासरी १० विनंत्याच प्रत्यक्ष चालू असतात. येणाऱ्यांचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ म्हणजे आत असलेल्यांची संख्या, हा हिशेब जॉन लिटल या संशोधकांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला आणि तो डेटाबेसलाही तंतोतंत लागू पडतो. आता अर्जदार एकानेही वाढले नाहीत, पण काही कारणाने प्रत्येक उत्तराला ५० मिलिसेकंदांऐवजी २ सेकंद लागू लागले, तर त्याच क्षणी चालू असलेल्या विनंत्यांची संख्या ४०० होते. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एका वेळच्या जोडण्यांची, म्हणजे डेटाबेसशी एकाच वेळी चालू असणाऱ्या संपर्कांची मूळ मर्यादा १०० आहे, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये १५१. प्रशासक ती वाढवतात, पण कोठे तरी मर्यादा ठेवावीच लागते. ज्या विनंत्यांना जोडणी मिळत नाही त्या बाहेर ताटकळतात, पडद्यावर चक्र फिरत राहते, अर्जदार पुन्हा पुन्हा 'सबमिट' दाबतो आणि त्याच्या प्रत्येक दाबण्यासरशी रांगेत आणखी एक विनंती जमा होते. या सगळ्या गोंधळात प्रोसेसर मात्र निम्माही वापरात नसण्याची शक्यता असते, कारण आत शिरलेल्या विनंत्या काम करत नसून कशाची तरी वाट पाहत असतात. त्या कशाची वाट पाहत आहेत हे शोधणे, म्हणजेच डेटाबेसवर लक्ष ठेवणे.

माझ्या पाहण्यात आलेले याचे सर्वांत बोलके उदाहरण अर्ज क्रमांकाचे आहे. ज्या यंत्रणेत ते पाहिले तिचे नाव देणे औचित्याला धरून होणार नाही, आणि तशी रचना अनेक ठिकाणी आढळते. डेटाबेसमधील एका छोट्या टेबलात (तक्त्यात) एकच ओळ असते आणि तीत शेवटचा दिलेला क्रमांक लिहिलेला असतो. नवा अर्ज आला की ती ओळ वाचायची, त्यात एक मिळवायचा, नवा आकडा लिहायचा आणि तो अर्जदाराला द्यायचा. दोघांना एकच क्रमांक जाऊ नये म्हणून, एकाचा व्यवहार, म्हणजे त्याच्या अर्जासाठी डेटाबेसवर एकत्र होणारी सगळी कामे, पूर्ण होईपर्यंत ती ओळ डेटाबेस कुलूपबंद ठेवतो आणि बाकीच्यांना थांबवतो. इथवर ठीक आहे. पण त्याच व्यवहारात छायाचित्र साठवणे, आधीच्या अर्जांशी पडताळणी करणे आणि एसएमएस पाठवणाऱ्या बाहेरच्या सेवेकडून पोच घेणे हेही घुसवलेले असेल, तर कुलूप त्या सगळ्याला लागणाऱ्या वेळेएवढे टिकते. एसएमएस सेवेने अर्धा सेकंद घेतला तर अख्ख्या राज्यातून सेकंदाला दोनच अर्ज स्वीकारले जातील, म्हणजे तासाला ७,२०० आणि त्याहून एकही अधिक नाही. त्या डेटाबेसखाली कितीही महाग यंत्र आणून ठेवले तरी हा आकडा बदलत नाही. एसटी स्थानकाचे आवार दुप्पट केले आणि तिकीट खिडकी एकच ठेवली तर रांग जशी तेवढीच राहते, तसे हे आहे.

डेटाबेसमध्ये क्रमांक देण्यासाठी 'सीक्वेन्स' नावाची स्वतंत्र सोय असते. ती कोणालाही थांबवत नाही, मात्र एखादा व्यवहार मध्येच रद्द झाला तर त्याचा क्रमांक वाया जातो आणि मालिकेत खंड पडतो. आपल्या कार्यालयांना नेमके हेच चालत नाही. आवक-जावक नोंदवहीतला एखादा क्रमांक गाळलेला दिसला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, ही कागदावरची शिस्त संगणकीकरणाच्या वेळी जशीच्या तशी मागणीपत्रात उतरते आणि 'क्रमांक अखंड असावेत' या साध्या दिसणाऱ्या अटीपायी अंतिम तारखेच्या रात्री हजारो लोक ताटकळतात. वास्तविक अर्जदाराला लगेच सीक्वेन्समधून पोच क्रमांक द्यावा आणि नोंदवहीचा अखंड क्रमांक रात्री एकगठ्ठा लावावा, इतका सोपा तोडगा आहे. पण दुखणे कळल्याशिवाय तोडगा सुचणार कसा? पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये चालू जोडण्यांची यादी दाखवणारे दृश्य कायम उपलब्ध असते, आणि २०१६ च्या ९.६ या आवृत्तीपासून प्रत्येक जोडणी कशासाठी थांबली आहे आणि तिला कोणी अडवले आहे हेही डेटाबेस सांगतो. अशा रात्री ती यादी उघडणाऱ्या प्रशासकाला शेकडो जोडण्या एकाच ओळीच्या कुलपापाशी खोळंबलेल्या दिसतील. ती कोणी उघडली का, हा प्रश्न मात्र बातमीत कधी विचारला जात नाही.

इतर कारणे थोडक्यात सांगतो. नावावरून शोध घेताना मधली अक्षरे जुळवायची सोय दिली की साधा इंडेक्स (पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची) निरुपयोगी ठरतो आणि प्रत्येक शोधाला पूर्ण टेबल वाचले जाते. हजार ओळींच्या चाचणीत हे जाणवत नाही, कोटीभर ओळी साठल्यावर जाणवते. दुसरे असे की, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, कोणत्या मार्गाने चालवायची हे डेटाबेस स्वतःजवळच्या सांख्यिकीवरून ठरवतो, आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ही सांख्यिकी मूळ मांडणीनुसार टेबलाच्या सुमारे १० टक्के ओळी बदलल्यानंतर आपोआप ताजी होते. कोटीभर ओळींच्या टेबलात त्यासाठी १० लाख ओळी बदलाव्या लागतात. तोपर्यंत आजच्या तारखेचे अर्ज जवळजवळ नाहीतच असे डेटाबेस समजून चालतो आणि 'आजचे अर्ज दाखवा' या क्वेरीसाठी चुकीचा मार्ग निवडू शकतो. त्या टेबलापुरती टक्केवारी कमी करणे हा एका ओळीच्या आज्ञेचा उपाय आहे.

मोजणी मुळीच होत नाही असे नाही. होते, पण पुष्कळदा चुकीच्या गोष्टीची होते, आणि हा भाग मला अधिक गंभीर वाटतो. सार्वजनिक यंत्रणांच्या करारांत सेवेची अट बहुधा उपलब्धतेच्या टक्केवारीत लिहिलेली असते. समजा ती ९९.५ टक्के आहे. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात, त्यांचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटे. अंतिम तारखेच्या संध्याकाळी सात ते साडेदहा संकेतस्थळ पूर्ण बंद राहिले आणि उरलेला महिना, ज्यात कोणी फिरकलेही नाही, ते सुरळीत चालले, तर अट पाळली गेली असेच कागदावर दिसेल आणि कंत्राटदाराचे देयक पूर्ण निघेल. त्यातही ही उपलब्धता मुखपृष्ठ दर पाच मिनिटांनी उघडून पाहून मोजली जात असेल तर तिला काहीच अर्थ उरत नाही, कारण मुखपृष्ठावरची चित्रे आणि सूचना दाखवायला डेटाबेसला बहुधा विचारावेच लागत नाही. अर्ज जमा होत नसतानाही मुखपृष्ठ झटकन उघडते, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांनी घेतला असेल.

दुसरी फसवी गोष्ट सरासरी. हजार विनंत्यांपैकी ९५० ना एक दशांश सेकंद आणि ५० ना २० सेकंद लागले तर सरासरी जेमतेम १.१ सेकंद येते आणि अहवालात ती शोभून दिसते. प्रत्यक्षात दर विसावी विनंती २० सेकंद अडकलेली आहे. अर्ज दहा पानांचा असेल आणि प्रत्येक पानाला अडकण्याची शक्यता तेवढीच धरली तर एकदाही न अडकता शेवटपर्यंत पोहोचणारे सुमारे ६० टक्केच निघतात. उरलेल्या ४० टक्क्यांना कोठे ना कोठे फटका बसतो. म्हणून या व्यवसायात ९५ वा आणि ९९ वा शतमक पाहण्याची रीत आहे, म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव किंवा नव्याण्णव विनंत्यांना किती वेळाच्या आत उत्तर मिळाले, ते पाहायचे. दहावी-बारावीच्या निकालामुळे पर्सेंटाइल हा शब्द घरोघरी पोहोचलेला नसला तरी सीईटीमुळे नक्की पोहोचला आहे, तेव्हा तो समजावून सांगण्याची अडचण येऊ नये.

सरासरी काळावर काढली तरी तितकीच फसवते. रेल्वेच्या तत्काळ आरक्षणात वातानुकूलित वर्गांची खिडकी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांची ११ वाजता उघडते, आणि खरा कल्लोळ पहिल्या एक-दोन मिनिटांचा असतो. अशा ठिकाणी यंत्र दोन मिनिटे १०० टक्के वापरात आणि पुढची तीन मिनिटे १५ टक्के वापरात असेल, तर पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख ४९ टक्के दाखवेल आणि पाहणारा निर्धास्त होईल. गर्दी सेकंदांत येत असेल तर नोंदीही काही सेकंदांच्या अंतरानेच घ्यायला हव्यात. मायएसक्यूएलमधील संथ क्वेरींच्या नोंदवहीचा उंबरठा मुळात १० सेकंदांचा असतो आणि ती नोंदवही चालूही आपल्याला करावी लागते. उंबरठा तसाच ठेवला तर ९ सेकंद खाणारी क्वेरी तीत कधीच येणार नाही. आणि ५० मिलिसेकंदांत संपणारी, पण दिवसात वीस लाख वेळा चालणारी क्वेरी तर उंबरठा एक सेकंदावर आणला तरी येणार नाही, मग तिने एकूण १ लाख सेकंदांचा, म्हणजे २७ तासांहून अधिक काळाचा भार का टाकलेला असेना. म्हणून एका फेरीच्या वेळेइतकाच सर्व फेऱ्यांचा एकूण वेळही पाहावा लागतो. पोस्टग्रेएसक्यूएलसोबत हा हिशेब ठेवणारे विस्तारक (जोडसाधन) फुकट मिळते. ओरॅकल या डेटाबेसमध्ये दर तासाचा तपशीलवार अहवाल काढण्याची सोय आहे, मात्र ती वापरायला वेगळा परवाना लागतो. ज्यांनी तो घेतलेला नाही त्यांना स्टॅट्सपॅक हे जुने, विनामूल्य साधन आहे. आलेख काढण्यासाठी प्रोमिथियस आणि ग्राफाना ही मुक्त साधने जगभर वापरली जातात. पैशाअभावी मोजणी होत नाही, हे कारण त्यामुळे टिकत नाही.

सरकारी यंत्रणेला हे जमते का, अशी शंका येणे साहजिक आहे. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विम्याचे हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी कोलमडले. मदतीला आलेल्या तज्ज्ञांच्या लक्षात आले की सगळी यंत्रणा कशी चालली आहे हे एका जागी दाखवणारा फलकच तेथे नाही. जो तो कंत्राटदार आपला भाग ठीक असल्याचे सांगत होता. तेव्हा आधी मोजणी बसवली गेली आणि मोठ्या दुरुस्त्यांना तिच्या आधाराने दिशा मिळाली. अनेक कंत्राटदारांत वाटलेल्या आपल्याकडील यंत्रणांचे चित्रही फारसे वेगळे नसते.

मोजणी असली तरी तिची घंटा वाजते का, हेही तपासावे लागते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या मुख्य डेटाबेसमधील माहिती देखभालीच्या गडबडीत पुसली गेली. बॅकअप शोधायला गेल्यावर कळले की ते तयारच होत नव्हते, कारण बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. आणि बॅकअप फसल्याची सूचना देणारे ईमेल पोहोचण्याआधीच नाकारले जात होते. सुदैवाने दुसऱ्या कामासाठी घेतलेली सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली. कंपनीने हे काहीही झाकले नाही, दुरुस्ती चालू असतानाच तिच्या नोंदी जगासमोर ठेवल्या आणि नंतर सविस्तर कारणमीमांसा प्रसिद्ध केली. आपल्याकडे मुदतवाढीच्या परिपत्रकासोबत अशी कारणमीमांसा जोडलेली मी कधी पाहिलेली नाही.

विकिमीडिया फाउंडेशनचे उदाहरण तर आपल्या अधिक जवळचे आहे, कारण मराठी विकिपीडिया त्याच यंत्रणेवर चालतो. तिच्या सर्व्हरांचे बरेचसे आलेख ग्राफानावर कोणालाही पाहता येतात. मोठ्या संकेतस्थळांवर मुख्य डेटाबेसच्या प्रती ठेवलेल्या असतात आणि वाचन त्यांतून होते. ताण वाढला की या प्रती मुख्य डेटाबेसच्या काही सेकंद मागे पडतात. शुल्क भरल्यावर लगेच पुढच्या पानावर 'शुल्क भरलेले नाही' असे दिसते आणि घाबरून पालक दुसऱ्यांदा पैसे भरतात, त्यामागे अनेकदा हेच मागे पडणे असते. विकिपीडियावर ही पिछाडी सतत मोजली जाते, ती ५ सेकंदांच्या वर गेली तर बॉट म्हटल्या जाणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रॅमांनी आपले काम थांबवावे असा तेथे संकेत आहे, आणि पिछाडी फार झाली तर निरीक्षणसूचीवर (निवडलेल्या पानांतील बदलांच्या यादीवर) तशी सूचना येऊन नुकतेच झालेले बदल कदाचित दिसणार नाहीत असे वापरणाऱ्याला सांगितले जाते. नुकत्याच भरलेल्या शुल्काची नोंद दिसायला थोडा वेळ लागेल, पुन्हा पैसे भरू नका, एवढे एक वाक्य आपल्या प्रवेश संकेतस्थळांनी मोजणीच्या आधारे दाखवले तरी किती मनस्ताप वाचेल.

कायद्याच्या बाजूनेही याचा विचार व्हायला हवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत देणे बंधनकारक आहे, पण हे दिवस अर्ज रीतसर सादर झाल्यापासून मोजले जातात. जो अर्ज पान अडकल्यामुळे सादरच होऊ शकला नाही, त्याचा दिवस कधी सुरूच होत नाही आणि कोणत्याही विलंबाच्या तक्त्यात तो दिसत नाही. अशा अपुऱ्या राहिलेल्या प्रयत्नांची संख्या यंत्रणेच्या नोंदींत असते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये माहिती मागण्याआधीच स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे जे तत्त्व आहे, त्याला अनुसरून नागरिकांना सेवा देणाऱ्या प्रत्येक सरकारी संकेतस्थळाने गर्दीच्या तासांतील ९५ वा शतमक, फसलेल्या विनंत्यांचे प्रमाण आणि अपुऱ्या अर्जांची संख्या दररोज जाहीर करावी, आणि करारातील दंडही महिन्याच्या उपलब्धतेऐवजी याच आकड्यांशी बांधावा, अशी माझी सूचना आहे.

यावर सुरक्षेचा आक्षेप घेतला जाईल. पण एखादे पान उघडायला किती वेळ लागतो हे हल्लेखोराला घड्याळ लावूनही कळते. ते आकडे जाहीर केल्याने त्याच्या हाती नवे काही लागत नाही. गोपनीयतेचा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. संथ क्वेरींच्या नोंदवहीत क्वेरी जशीच्या तशी उतरते, म्हणजे तीत आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक, जात प्रमाणपत्राचा तपशील हे सगळे उघड लिहिलेले असू शकते. ती नोंदवही कोणाच्याही हाती पडता कामा नये आणि कंत्राटदाराच्या अभियंत्याच्या लॅपटॉपवर तर मुळीच नको. एकत्रित प्रतिसादवेळेत मात्र कोणाचे नाव नसते, आणि मी जाहीर करायला सांगतो आहे ते तेवढेच.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी ताण आल्याचा खुलासा मिळाला की त्या अधिकाऱ्याला विचारावे, की गर्दीच्या तासात सेकंदाला किती विनंत्या आल्या, ९५ वा शतमक किती होता, जोडण्यांची मर्यादा किती होती आणि ती किती वाजता गाठली गेली, आणि थांबलेल्या जोडण्या कशासाठी थांबल्या होत्या. ही उत्तरे त्या रात्री नोंदवली गेली असतील तर ती द्यायला दहा मिनिटे पुरतात. नोंदवली गेली नसतील, तर क्षमता किती वाढवायची हा आकडा कोठून आला, हे विचारावे आणि मिळालेले उत्तर खुलाशाच्या शेजारी छापावे.

आपला,
एक निवृत्त डेटाबेस प्रशासक,
पुणे